वाहेद गोलकीचं साल

डोणगावात पिंजाऱ्यांची घरं तीन. मधल्या घरात वाहेद राहायचा. पण "वाहेद पिंजारी कुठं राह्यते?" असं कोणी विचारलं तर माणूस घडीभर थांबायचा, मग म्हणायचा, "वाहेद गोलकी म्हणा नं!" दिवाळीच्या आधी रजया-गाद्या उसवून बसलेल्या बायासुद्धा एकमेकींना तसाच निरोप धाडायच्या, "गोलकी आला का व तुह्याकडे? झाला की माह्याकडे पाठवजो." पोट पिंजणावर चालायचं अन् नाव फुटबॉलवर.

फुटबॉल गावात आणला तो त्याच्या चुलत्यानं, फकीर मोहम्मदनं. हा पलटणीत होता. दुसरी मोठी लढाई संपल्यावर गावी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन गरम कोट, एक शिट्टी अन् हवा काढलेला चामड्याचा बॉल होता. बाजाराच्या ओट्यांमागं पडीक जागा होती, तिथं त्यानं चार बल्ल्या रोवल्या, वरून सुतळी ताणली आणि शिट्टी फुंकली. पाटलाचे, माळ्याचे, तेल्याचे, मोहल्ल्यातले, सगळेच धावत आले. प्रत्येकाला किक मारायची होती. बल्ल्यांच्या मधे उभं राहायला कोणी तयार होईना. फकीर मोहम्मदनं पुतण्याची मान धरली अन् तिथं नेऊन उभा केला.

"दिनभर हाथ चलते ना तेरे रुई पे? अब यहाँ चला."

वाहेद तेव्हा एकोणीस वर्षांचा. उभा राहिला तो उभाच राहिला.

गोलकीचं, म्हणजे गोलकीपरचं, काम मोठं आडनिडं. गोल मारला की चार जण मारणाऱ्याला खांद्यावर घेतात. अडवला तर लोक "हां, अडवला" म्हणतात अन् विडी पेटवतात. अन् एखादा सुटला की पुढचा बाजार होईपर्यंत ऐकत बसा, "काऊन बे वाहेद, टांगांतून गेला म्हणते? झाकण लावून घे ना लेका." पिंजाऱ्याचं तरी वेगळं काय असतं? रजई चांगली झाली तर माणूस मुकाट झोपतो, गोळे राहिले तर पिंजाऱ्याची आई-बहीण काढतो. वाहेदला दोन्हीकडची सवय होती. गुडघ्यांना बांधायला त्यानं कापसाच्या दोन लहान उशा शिवल्या होत्या. खेळ संपला की बल्ल्यांची सुतळी सोडायचा, उशा सोडायचा आणि घरची वाट धरायचा.

महाराष्ट्र झाला त्या सालची गोष्ट. शाळेचे तुळशीराम गुरुजी नागपूरचं वर्तमानपत्र मागवत. ते दोन दिवस शिळं होऊन यायचं, पण गुरुजी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. त्यात एका कोपऱ्यात बातमी होती की युरोपात एक मासिक आहे, ते दरसाल तिकडच्या सगळ्या खेळाडूंतून सर्वांत चांगला एक निवडतं आणि त्याला सोन्याचा चेंडू देतं. निवड करतात देशोदेशीचे पेपरात लिहिणारे लोक. गुरुजींच्या डोक्यात ते बसलं. सव्वीस जानेवारीला डोणगावात चार गावांचे सामने व्हायचे. डोणगाव, मेहकर, सुलतानपूर अन् बीबी. गुरुजींनी ठरवलं, आपणही एक निवडायचा. त्याला नाव दिलं, सालाचा गडी. चार गावांचे चार पंच, पाचवे स्वतः गुरुजी. पाच चिठ्ठ्या, ज्याची जास्त तो गडी. सोनं कुठून आणावं? मेहकरच्या एका कासारानं पितळेच्या दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडून दिल्या. मधली रेघ तेवढी दिसायची, एरवी चेंडूच. ज्याला मिळाला त्यानं तो वर्षभर घरी ठेवायचा आणि पुढच्या सव्वीस जानेवारीला परत टेबलावर आणायचा, असा नेम केला.

पहिल्या साली पाचही चिठ्ठ्या अर्जुनरावाच्या निघाल्या. हा हिंमतराव पाटलांचा मुलगा. फारवर्डला खेळायचा, दोन सामन्यांत त्यानं सहा गोल मारले होते. त्यात कोणाला काही म्हणायचं नव्हतं. वाहेदलाही नव्हतं.

गंमत झाली ती दुसऱ्या साली. पितळेचा बॉल टेबलावर आला तो ताटात बसून. खाली नवा खण, अंगभर हळदकुंकू. ताट खुद्द हिंमतराव पाटलांच्या हातात अन् पुढं डफडं वाजतंय. सामने झाले. गुरुजी चिठ्ठ्या उघडायला बसले, तोवर पाटलांनी बॉल उचलून अर्जुनरावाच्या हाती दिला आणि डफडेवाल्याला खूण केली.

"पाटील, थांबा," गुरुजी म्हणाले. "हे दरसाल नव्यानं ठरवायचं असते."

"मंग ठरवा नं गुर्जी! कोण नाही म्हणते? निवांत ठरवा अन् आमच्याकडे सांगून पाठवा."

पाटलांच्या मनात खोट नव्हती, हेच तर अवघड होतं. डोणगावात मान म्हटला की तो घराचा. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जायची, होळीला पहिला नारळ कोणाचा पडायचा, हे कोणी दरसाल चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही. एकदा ज्या घरी मान गेला त्या घरी तो पिढ्यान्‌पिढ्या नांदतो. घरात दिवा लावायला कोणी उरलं नाही तरच तो उंबरा ओलांडतो. पाटलांनी बॉललाही तोच कायदा लावला, अन् गावालाही त्यात वावगं दिसलं नाही. चिठ्ठ्या टेबलावर न उघडताच राहिल्या.

तिसऱ्या साली तर अर्जुनरावाचा अंगठा औत लागून फुटला होता. पट्टी बांधून तो मांडवात खुर्चीवर शेंगा खात बसलेला. दिवसभरात त्यानं एक किक मारली नाही. त्याच दिवशी मेहकरच्या दोन पेनल्ट्या वाहेदनं अडवल्या, एक छातीवर अन् एक तोंडावर. समोरचे दोन दात मैदानातच राहिले. डफडं वाजलं, बॉल अर्जुनरावाच्या मांडीवर जाऊन बसला, तेव्हा वाहेद तोंडाशी फडकं धरून सुतळी गुंडाळत होता.

घरी आल्यावर तो बायकोला, ताहेराला, म्हणाला, "एकदा तरी आपल्याले पाहिजे होता."

"क्या?"

"बॉल."

"वो पीतल का? दो कटोरी पड़ी हैं घर में. लाओ, जोड़ देती हूँ."

तो हसला नाही. ताहेरानं भाकरीचं पीठ मळता मळता त्याच्याकडे पाहिलं आणि तिचंही हसू मावळलं. सोळा वर्षांच्या संसारात त्यानं काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. गुडघे आता जिना चढताना वाजायचे. कापसाची भुरी छातीत बसली होती, धावला की खोकला लागायचा. चुलता म्हणायचा, अजून दोन साल, बस. म्हणजे मागायचं तर आत्ताच मागायचं होतं.

चौसष्ट साल लागलं. पाटलांच्या मुलीचं लग्न फाल्गुनात धरलेलं, गाद्या-रजयांचं काम मोठं, म्हणून वाहेद आठ दिवस पाटलांच्याच ओसरीत पिंजण टांगून बसला होता. पिंजणाची तात ठणठणत होती, कापूस उडत होता. हिंमतराव बंगईवर झोके घेत सुपारी कातरत होते. तेवढ्यात गुरुजी पेपर हलवत आत आले.

"वाहेद, ऐक. त्या सोन्याच्या चेंडूचं नाव आलं. रशियाचा माणूस. गोलकीपर."

तात थांबली. उडालेला कापूस हळूहळू खाली बसायला लागला.

"कोण म्हणता?"

"गोलकीपर! तुझ्यासारखा, बल्ल्यांत उभा राहणारा. साऱ्या युरोपातून त्याला निवडला."

"गुर्जी," पाटील म्हणाले, "त्यानं गोल किती मारले?"

"गोलकीपर कसा गोल मारेल पाटील? एकही नाही."

"मंग चेंडू कायचा देल्ला त्याले?"

"न होऊ दिलेल्या गोलांचा."

"घ्या! न झालेल्या गोष्टीचा मान!" पाटलांनी सुपारी तोंडात टाकली. "उद्या म्हणसान, ज्याच्या विहिरीत कोणी पडलं नाही त्याले फेटा बांधा."

पहिल्यांदा हसला तो वाहेदच. मग गुरुजींनाही हसू आवरेना. पाटलांना चेव आला.

"अन् रशियाचं काय सांगता? तिथं समद्यायचे वावरं एकात केले म्हणते. जिथं धुरा-बांधच नाही, तिथं मान कोणाच्या घरचा राहीन? आज गोलकीले देल्ला, उद्या पाणी पाजणाऱ्याले देतीन."

"पाटील, यंदा चिठ्ठ्या आधी उघडणार मी. डफडं मग."

"उघडा नं बाप्पा. कोणी हात धरला का तुमचा?"

गुरुजी गेले, पाटीलही वावराकडे निघाले. वाहेदनं तात परत छेडली. मग पाटलांची मंडळी, गोजरबाई, शिवलेल्या खोळी घेऊन ओसरीवर आल्या. वाहेद त्यांना मावशी म्हणायचा. त्या घरातली माणसं आजवर ज्या रजया पांघरून झोपली त्या त्याच्याच हातच्या होत्या.

"मावशी, तो बॉल कुठं असते व?"

"देवघरात. काऊन रे?"

"दारातून पाहू का?"

गोजरबाईंनी देवघराचं दार लोटलं. बाळकृष्णाच्या बाजूला तांदळाच्या ढिगावर बॉल बसला होता. कुंकवानं लाल अन् उदबत्तीच्या धुरानं काळा. जोडाची रेघही दिसेनाशी झालेली.

"घासत नाही का याले?"

"देवावरचं कुंकू कोणी घासते का?" गोजरबाई उंबऱ्यावर टेकल्या. "अर्जुनाच्या आधीचे दोन गेले माह्ये, तुले ठाऊक हाये. हा बॉल घरात आला अन् त्याच साली अर्जुन मुदतीच्या तापात पडला. एकवीस दिवस. मी रोज याच्यापुढं दिवा लावला. उठला पोरगा. ह्ये म्हणते डॉक्टरच्या सुईनं उठला. असन. पण मले आता याच्याबिगर भेव वाटते."

वाहेद दाराशी उभा होता. आपण काय बोलायला पाहिजे हे त्याला कळत होतं. राहू द्या मावशी, तुमचाच तो. ओठापर्यंत आलंही. गावात चांगला माणूस म्हणवून घ्यायला तेवढं पुरलं असतं. पण ते खोटं झालं असतं, अन् ज्या घरच्या अंथरुणात त्याचे हात फिरले होते तिथं त्याला खोटं बोलवेना.

"मावशी, मले पाहिजे तो," तो म्हणाला. "एका सालापुरता. नाव निघालं तं."

गोजरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"ठेवशील कुठं?"

याचा विचार त्यानं केलाच नव्हता. "ठेवीन ना. फळीवर."

"फळीवरून पडला तं?"

"मावशी, मी गोलकी आहो. माह्या हातून पडन का?"

"टांगांतून जाते म्हणते लोक," गोजरबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसल्या.  देवघराचं दार ओढून आत निघून गेल्या.

त्या सव्वीस जानेवारीला शेवटचा सामना डोणगाव अन् मेहकरचा झाला. सुरुवातीलाच मेहकरच्या एकानं साधा जमिनीवरून सरपटता बॉल मारला आणि तो वाहेदच्या टांगांतून पार झाला. गर्दीनं एकच गिल्ला केला. "झाकण बे, झाकण!" वाहेदनं बॉल उचलून मधे फेकला. गुडघ्यांवरच्या उशा सारख्या केल्या. त्यानंतर मात्र त्यानं काही जाऊ दिलं नाही. डावीकडचे, उजवीकडचे, डोक्यावरचे. शेवटी शेवटी धुळीतून एक बॉल कोपऱ्यात आला. मारणारा दिसला नाही, नुसता आवाज ऐकला अन् वाहेद आडवा झाला. बोटांची टोकं लागली तेवढीच, पण बॉल बल्लीच्या बाहेरून गेला. तिकडं अर्जुनरावानं दोन गोल मारून ठेवले होते. डोणगाव जिंकलं. लोकांनी अर्जुनरावाला खांद्यावर घेतलं.

गुरुजींनी टेबलाशी बसून चिठ्ठ्या उघडल्या. चार वाहेदच्या, एक अर्जुनरावाची. ते उठून पाटलांच्या कानाला लागले. पाटलांचा हात ताटातल्या बॉलवर होता, तो तिथून हलला नाही.

"नाही जमणार गुर्जी. घरातून मान गेला म्हणजे लोक काय म्हणतीन? पाटलाच्या घरी कोण मेलं, असं इचारतीन."

बायकांच्या गाड्या मांडवाच्या बाजूला सोडलेल्या होत्या. गोजरबाई कधी सामन्याला आल्या नव्हत्या, त्या दिवशी आल्या होत्या. त्या गाडीतून उतरल्या, डोईवरचा पदर सावरत मांडवाच्या दोरीपर्यंत आल्या.

"अहो, गेला म्हणू नोका. आपल्या हातानं द्या. देल्लेला मान कुठं जात नसते."

हा कायदा पाटलांना ठाऊक होता. मानकरी आपल्या हातानं दुसऱ्याला फेटा बांधू शकतो, त्यात त्याचा मान वाढतोच. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बॉल उचलून त्यांनी घसा साफ केला. "ऐका हो मंडळी! हिंमतराव पाटलाकडून यंदाचा मान..."

"पाटील, जरासे थांबा."

वाहेद होता. धुळीनं भरलेला, एक उशी घसरून पोटरीवर आलेली. गुरुजी सोडले तर भरल्या मांडवात पाटलाला थांब म्हणणारा माणूस डोणगावानं तोवर पाहिला नव्हता.

"गुर्जी, चिठ्ठ्या उघडल्या का?"

"उघडल्या."

"नाव कोणाचं?"

"तुझं. पाचांतल्या चार."

"मंग पहिले नाव पुकारा. त्याच्या मांगून पाटील देऊ द्या, की कोणी बी देऊ द्या. देल्लेला नाही पाहिजे मले, निघालेला पाहिजे."

पाटलांचे कान लाल झाले.  मग खांद्यावरून खाली उतरलेला अर्जुनराव पुढं आला. घामानं सदरा अंगाला चिकटलेला.

"आबा, पुकारू द्या. गेल्या साली अंगठा बांधून बसलो होतो मी. तुम्ही बॉल मांडीवर ठेवला तं वर पाहायची शरम वाटली मले."

गुरुजी खुर्चीवर चढले. गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "सालाचा गडी! वाहेद पिंजारी, डोणगाव! गोलकीपर!"

वाहेदनं मान खाली घालून ऐकलं. मग पाटलांनी बॉल दिला. डफडेवाला गोंधळून गेला होता, त्यानं जरा उशिरानं डफड्यावर काडी टाकली.

बॉल पिंजाऱ्याच्या घरी आला. ताहेरानं तो धुवायला घेतला नाही. कुंकवावर एक पांढरं फडकं गुंडाळलं. "किसी माँ की दुआ है इसपे," ती म्हणाली, "रहने दो." फळीवर तिनं त्याच्याभोवती कापूस रचला. गोजरबाई त्या वर्षी दोनदा घरावरून गेल्या. एकदा त्यांनी दारातूनच विचारलं, "आहे नं?" ताहेरानं फळीवरून काढून दाखवला. अर्जुनराव ठणठणीत होता. गोजरबाई पुढच्या खेपेला बॉलचं न विचारता रजईचं बोलल्या.

लोक बॉल पाहायला यायचे. मोहल्ल्यातले, बाजाराला आलेले, सुलतानपूरचे पाहुणे. हातात घेऊन वजन करायचे, बोटानं वाजवून पाहायचे, चहा पिऊन जायचे. तो धुळीतला कोपऱ्यातला बॉल कसा काढला, हे मात्र कोणी विचारलं नाही. सुरुवातीला वाहेदला त्याचं हसू यायचं. मग त्याच्या लक्षात आलं की सकाळी उठल्याबरोबर आपलीही नजर आधी फळीवर जाते. सामना त्यालाही पुसट आठवायला लागला होता, बॉल मात्र लख्ख दिसायचा. त्याला ते बरं वाटलं नाही.

पासष्टच्या जानेवारीत फकीर मोहम्मद घरी आला. पलटणीतला गरम कोट घालून आला होता, म्हणजे काम महत्त्वाचं.

"ताशेवाले को बोल दिया मैंने. शान से ले जाएंगे बॉल, शान से वापस लाएंगे."

"वापस कायले चाचा?"

"कायले म्हणजे? अब मोहल्ले का मान है. पाटील ने तीन साल रखा. अपन एकही साल में दे दें? लोग बोलेंगे, पिंजारी को हजम नहीं हुआ."

ताहेरा चुलीपाशी होती. "चाचा गलत तो नहीं बोलते," ती हळूच म्हणाली.

चुलत्याचं बोलणं तोडायचं तर सोपं नव्हतं, कारण त्यात दम होता. तीन साल त्यांचे, एक साल आपलं, हा कुठला न्याय? वाहेद फळीकडे पाहत राहिला. ठेवावा असं त्यालाही वाटत होतं. किती वाटत होतं ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

"चाचा, पाटलाच्या घरी तो तीन साल राह्यला. पण अर्जुनरावाचं साल कोणतं?"

"तीनों."

"नाही. पहिलं. सहा गोल मारले ते. बाकी दोन साल बॉल नुसता घरात होता. तिसऱ्या साली तं त्याले स्वतःलेच शरम आली, भर मांडवात बोलला तो. माह्यं एक साल आहे, अस्सल. त्या दुधात पाणी कायले घालता?"

"किताबी बातें करता तू. मास्टर ने बिगाड़ा तेरे को."

"असन."

फकीर मोहम्मद चहा न पिता उठला. ताशेवाल्याला दिलेली सुपारी मात्र त्यानं मोडली नाही. सव्वीस जानेवारीला ताशा वाजत होताच अन् वाहेद त्याच्या मागून बॉल फडक्यात धरून चालत होता.

त्या साली शेवटचा सामना बीबीशी पडला. बीबीकडून कडूबा नावाचा गडी डाव्या बाजूला खेळायचा. दुसऱ्याच्या वावरात राबणारा, पायात कधी काही न घातलेला. त्यानं वाहेदला तीन गोल मारले. डोणगाव हरलं. गुरुजींनी चिठ्ठ्या उघडल्या, पाचही कडूबाच्या. नाव पुकारलं, पण टाळी पडली ती फक्त बीबीवाल्यांची. डोणगावचा सारा मांडव गुरगुरायला लागला होता. मान पाटलाच्या घरून मोहल्ल्यात गेला तोवर गावातच होता. आता तो गावाची शीव ओलांडणार होता.

हिंमतराव पाटील उठले. "वाहेद, तो बॉल मी तुले देल्ला होता. बीबीले नाही देल्ला."

"सही बोले पाटील," फकीर मोहम्मद म्हणाला. तो बरोबर पाटलांच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला होता. इतक्या वर्षांत दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. "गाँव की चीज गाँव में रहना."

बॉल वाहेदच्या काखेत होता. टेबल दहा पावलांवर. त्यानं तिथूनच सांगितलं, आवाज न चढवता. पण लोक ऐकायला पुढं सरकले.

"पाटील, हे तीन गोल कोणाले बसले? मले. तुम्ही इकडून पाह्यले, मी तिथं उभा होतो. पहिला अन् दुसरा सोडा, नशीब म्हणू. तिसरा त्यानं मारला तो मले दिसला बी नाही. बॉल मांगं जाऊन पडला तेव्हा समजलं. अठरा-एकोणीस साल उभा आहो मी, मले असा कोणी मारला नाही. तुमच्या अर्जुनरावानं बी नाही. मी नाही सांगीन तं कोण सांगीन?"

पाटलांनी अर्जुनरावाकडे पाहिलं. अर्जुनराव बुटाची नाडी सोडत होता. त्यानं मान डोलवली. पाटील खाली बसले. फकीर मोहम्मद उभाच राहिला, पण शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत दुसरीकडे पाहायला लागला.

वाहेद टेबलाकडे गेला नाही. सरळ बीबीवाले बसले होते तिकडं गेला. कडूबानं उठून दोन्ही हात धोतराला पुसले. फडकं सोडून वाहेदनं बॉल त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो कलिंगडासारखा उलटसुलट करून पाहिला.

"हे कुंकू कायचं म्हणा?"

"एका घरचं आहे. पुसू नोको."

"नाही पुसत."

"पुढच्या सव्वीस जानेवारीले घेऊन येजो."

कडूबानं आपल्या गावच्या लोकांकडे एकदा पाहिलं. ते आत्ताच गाडीला बैल जुंपून, ढोल बांधून तयार होते. "मी आणीन हो भाऊ," तो म्हणाला. "पण गाववाल्यायनं नाही आणू देल्ला तं?"

"नाही देतीन," वाहेद म्हणाला. "पहिल्या साली कोणीच देत नाही. तं मी येईन. बीबीले माह्ये दहा-बारा घरं आहेत रजयाचे. पौषात चक्कर टाकतो अन् तुह्या दारापुढं पिंजण टांगून बसतो. कापूस उडून उडून साऱ्या गल्लीच्या नाकात जाईन, तवा धाडतीन ते तुले."

कडूबा हसला. वाहेदही हसला, मग त्याला खोकला लागला अन् तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. बीबीची गाडी ढोल वाजवत मैदानातून बाहेर पडली. गुरुजी टेबल आवरत होते, त्यांनी हाक मारली, "वाहेद, पुढच्या साली खेळशील नं?"

"गुडघ्यायले इचारून सांगतो," वाहेद म्हणाला.